इंजिनिअरिंगची फी: स्कॉलरशिप शोधण्याआधी सीट कुठली ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या दिघ्यात राहणारं कुटुंब. वडील गवंडी, आई दोन सोसायट्यांमध्ये घरकाम करते आणि प्रश्न विचारणारा थोरला भाऊ रबाळे एमआयडीसीत कंत्राटावर कामाला आहे. धाकटी बहीण बारावी सायन्स झाली, सीईटी दिली आहे, प्रवर्ग ओबीसी. एका खासगी विद्यापीठातून फोन आला की या आठवड्यात २५ हजार भरून सीट पक्की करा, पहिल्या वर्षाच्या २ लाख ४० हजार फीवर ४० टक्के ‘स्कॉलरशिप’ देतो. भावाने विचारलंय, “ही घ्यावी की सरकारी मिळेल? आमच्यासारख्यांना कोणकोणत्या स्कॉलरशिप मिळतात त्यांची यादी द्याल का?”

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. यादी देता येईल, पण नुसत्या यादीने तुमचं काम होणार नाही. माझ्या टेबलावर यादी हातात घेऊन आलेली आणि रिकाम्या हाताने परत गेलेली पुष्कळ मुलं मी पाहिली. मुलं हुशार होती, घरची परिस्थिती खरंच बेताची होती, कागद बरेचसे बरोबर होते. फक्त त्यांनी प्रवेश अशा ठिकाणी किंवा अशा पद्धतीने घेतला होता की सरकारी योजना तिथे लागूच होत नव्हती. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडते: बहिणीची सीट कोणत्या दाराने येणार आहे? फीचे पैसे त्यावरच ठरतात.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल) मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. त्याआधी हीच सवलत निम्मी होती. तुमच्या घरचं तिघांचं मिळून उत्पन्न या मर्यादेच्या बरंच खाली असणार, त्यामुळे तिकडची चिंता नाही. पण त्याच शासन निर्णयात दोन अटी आहेत आणि फोनवर बोलणारे त्या कधीच सांगत नाहीत. एक, प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि कॉलेजने स्वतःच्या पातळीवर भरलेल्या जागा बाहेर. दुसरी, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खासगी विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. तुम्हाला फोन आला तो अशाच विद्यापीठातून. म्हणजे तिथे सीट घेतलीत, की पूर्ण माफीचा हक्क चारही वर्षांसाठी तुम्ही स्वतःच सोडून दिलात.

आता त्यांचा हिशोब मांडून बघा. २ लाख ४० हजारांवर ४० टक्के सूट म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख ४४ हजार भरायचे. सूट फक्त पहिल्या वर्षाची असेल तर पुढची तीन वर्षं प्रत्येकी २ लाख ४० हजार, तीही फी वाढली नाही असं धरून. चार वर्षांचे झाले ८ लाख ६४ हजार. आता कॅपमधून मिळालेलं खासगी कॉलेज घ्या. समजा एकूण फी १ लाख ३० हजार, त्यात शिक्षण शुल्क १ लाख १८ हजार आणि विकास शुल्क १२ हजार. शिक्षण शुल्क माफ, म्हणजे घरातून वर्षाला साधारण १२ हजार आणि किरकोळ खर्च. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कॉलेजागणिक बदलतील. पण फरक इतका मोठा आहे की आकडे थोडे हलले तरी निर्णय बदलत नाही. तेव्हा २५ हजार भरले नसतील तर भरू नका. त्यांना ‘कॅपचं झाल्यावर बघू’ एवढंच सांगा. ‘आज शेवटचा दिवस’ असं त्यांनी दर आठवड्याला सांगितलं तरी घाबरू नका.

हे इतकं ठासून का सांगते, तर कळव्याची एक मुलगी मला अजून आठवते. पहिल्या राउंडला तिला मनासारखी शाखा मिळाली नाही. ओळखीतल्या एका ‘काउन्सेलर’ने घरच्यांना सांगितलं की राउंडची वाट बघाल तर सगळं हातचं जाईल, थेट संस्थेच्या पातळीवर प्रवेश घ्या, स्कॉलरशिप नंतर भरता येते. वडील एका कारखान्यात हेल्पर होते. त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून प्रवेश घेतला आणि दिवाळीनंतर माझ्याकडे फॉर्म भरायला आले. पोर्टलवर प्रवेशाचा प्रकार भरला आणि ती त्याच ठिकाणी अपात्र ठरली. त्यांना ते सांगताना मला काय वाटलं ते मी विसरलेले नाही. तिच्याइतकेच मार्क असलेल्या मुलीला तिसऱ्या राउंडला त्याच शाखेत दुसऱ्या कॉलेजात सीट मिळाली होती. राउंड संपेपर्यंत थांबणं अवघड असतं, घरात रोज कोणीतरी विचारतं. तरीही थांबा.

कॅपच्या फॉर्ममध्ये कॉलेजांचे पर्याय भरताना फक्त नाव आणि कटऑफ बघू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते, त्यात शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती ते वेगळं दिलेलं असतं. माफ होतं ते शिक्षण शुल्क. विकास शुल्क तुमच्या खिशातून जातं. दोन कॉलेजं सारखीच वाटत असतील तर ज्याचं विकास शुल्क कमी आणि जे घरून जाऊन येण्यासारखं आहे ते वर टाका. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तुमच्याकडून ट्रान्स हार्बरवर दोन्ही बाजूंना जाणं सोपं झालंय. कॉलेजातून कन्सेशन फॉर्म घेतला की विद्यार्थी पास फार महाग पडत नाही. हॉस्टेलचा खर्च वाचला तर तीही एक शिष्यवृत्तीच समजा. (स्वाधार, आधार, स्वयं या नावांच्या निर्वाह भत्त्याच्या योजना ऐकल्या असतील. त्या घर सोडून दुसऱ्या गावी शिकणाऱ्यांसाठी आहेत, बहीण घरूनच जाणार असेल तर त्यांचा विचार सोडा.)

हे वाचणाऱ्यांमध्ये मुलांचे आईवडील असतील तर त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकते. मुलांना पूर्ण माफी नाही. ओबीसी मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते, खुल्या वर्गातल्या ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी. म्हणून मुलांनी कॅप फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्युशन फी वेव्हरच्या जागांचा पर्याय जरूर निवडावा. या जागा मंजूर जागांच्या ५ टक्के आणि त्या जागांव्यतिरिक्त जादा असतात, गुणवत्तेने भरतात आणि मिळाल्या तर शिक्षण शुल्क सगळी वर्षं माफ. फॉर्ममध्ये ती खूण राहून गेली म्हणून हळहळणारे पालक मी दरवर्षी पाहिले.

आता कागद. यात सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता (जातीचा दाखला पडताळून मिळणारं प्रमाणपत्र), आणि तुम्ही प्रश्नात त्याचा उल्लेखच केलेला नाही म्हणून मला काळजी वाटते. ओबीसी म्हणून सीट आणि सवलत दोन्ही हवी तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमीलेअर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला) हे तिन्ही लागतात. नवी मुंबईत राहणारी बरीच कुटुंबं मूळची सातारा, जळगाव, रत्नागिरी अशी कुठली कुठली. जातीचा दाखला मूळ गावच्या पुराव्यांवर निघतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीच्या नोंदीचा पुरावा बघतात, म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गावच्या जुन्या नोंदी. दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला त्याच जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज जातो. वैधता हातात नसेल तर आज अर्ज करून त्याची पावती घ्या. प्रवेशाच्या वेळी पावतीवर मुदत देण्याचे निर्णय सरकारने काही वर्षी घेतले आहेत, पण त्या भरवशावर बसू नका. मुदत संपली आणि वैधता आली नाही तर ओबीसी जागेवर मिळालेली सीट धोक्यात येते. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता निघालेली असेल तर काम फार हलकं होतं, गावाकडे फोन करून विचारा.

नॉन क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला दोन्हींची मुदत ३१ मार्चला संपते. जुना दाखला घेऊन येणारे दरवर्षी निम्मे असायचे. दिघा, ऐरोली, घणसोली, वाशी, बेलापूर हे सगळं ठाणे तालुक्यात येतं, तेव्हा तुमचं काम ठाण्याच्या तहसील कार्यालयाचं. खारघर, कामोठे, कळंबोलीकडच्यांचं पनवेलला, कारण तो रायगड जिल्हा. पत्ता नवी मुंबईचाच असतो आणि जिल्हा वेगळा, त्यामुळे लोक चुकीच्या खिडकीवर दिवस घालवतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो.

गवंडीकाम, घरकाम यांना पगाराची स्लिप नसते. मग स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल यावर दाखला निघतो. इथे कोणी सांगेल की आकडा जेवढा कमी तेवढं बरं. तसं करू नका. माझ्याकडे एका घरातून दोन भावंडांचे फॉर्म आले होते, एकाच वर्षी काढलेले दोन दाखले आणि दोन वेगळी उत्पन्नं. दोन्ही अर्ज तपासणीत परत आले आणि दोघांचंही वर्ष त्यात अडकलं. तुमची मर्यादा ८ लाखांची आहे. खरं उत्पन्न सांगूनही तुम्ही आरामात बसता, मग खोट्याची जोखीम कशाला? तुमचा स्वतःचा कंत्राटी पगार घरात येतो तोही विचारला तर सांगून टाका.

नावांचंही बघा. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, सगळं. दुरुस्ती करायची तर आधारमध्ये करा, मार्कशीटमध्ये करायला जन्म जातो. आणि बँक खातं. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ते आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, मुलाला त्याचा पत्ताही नसतो आणि शिष्यवृत्ती तिकडे जमा होते. असे पैसे शोधून काढण्यात मी कितीतरी दुपारी घालवल्या आहेत. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत दिसतं. बहिणीचं आजच बघून घ्या.

प्रवेशाच्या दिवशी काय होतं ते आता नीट ऐका, कारण ‘माफ आहे’ म्हणून गेलेले पालक काउंटरवर हबकतात. मुलींकडून शिक्षण शुल्क मागू नये असे सरकारचे कॉलेजांना निर्देश आहेत. तरीही काही ठिकाणी आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ, असं सांगतात. त्यामागचं कारण मला ठाऊक आहे. सरकारकडून पैसे यायला महिने लागतात आणि तोवर कॉलेजला पगार द्यायचे असतात. कारण खरं आहे, पण त्याचा भार तुमच्यावर टाकणं बरोबर नाही. तुम्ही शासन निर्णयाची छापील प्रत, कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. शांतपणे सांगा की विकास शुल्क आणि अनामत आज भरतो, शिक्षण शुल्कासाठी हमीपत्र लिहून देतो. आवाज चढवू नका, समोरचा क्लार्क नियम बनवत नाही. नाहीच ऐकलं तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. लेखी मागितलं की बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. त्यापुढे तंत्रशिक्षण सहसंचालकांचं मुंबई विभागाचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

प्रवेश झाला की महाडीबीटीवर अर्ज लगेच भरा. ओबीसींच्या नावाखाली सारख्या दिसणाऱ्या योजना तिथे दिसतात. कोणती निवडायची ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारूनच निवडा, कारण एकदा अर्ज पुढे गेला की बदलणं कटकटीचं होतं. आणि भरून विसरू नका. अर्ज आधी कॉलेजच्या पातळीवर तपासला जातो, मग जिल्ह्याच्या कार्यालयात. कुठेही त्रुटी निघाली की तो तुमच्याकडे परत येतो आणि तुम्ही लॉगिन करून बघितलं नाही तर तसाच पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी बघायचं. दरवर्षी नूतनीकरणही करायचं, ते आपोआप होत नाही. दुसऱ्या वर्षी अभ्यासाच्या नादात विसरलेल्या मुली मी फोन करकरून बोलावल्या आहेत. सगळ्या ऑफिसांत कोणी फोन करत नाही.

राहिला वरचा खर्च: विकास शुल्क, पुस्तकं, लॅपटॉप, पास. यासाठी तुमच्या घरातच एक मोठा हक्क पडून आहे आणि तुम्ही तो विचारलेलाही नाही. वडील गवंडी आहेत. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी आहे का? नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना इंजिनिअरिंगसाठी मंडळ वर्षाला ६० हजार रुपये शैक्षणिक सहाय्य देतं, साध्या पदवीसाठी २० हजार. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, ठेकेदाराचं किंवा ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याचं. वय १८ ते ६० मध्ये हवं. कार्ड काढून ठेवलं असेल आणि नूतनीकरण राहिलं असेल तर तेही चालत नाही, ते दरवर्षी करावं लागतं. सरकारी शुल्क नाममात्र आहे. नाक्यावर बसून दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, आणि काम न करता प्रमाणपत्र आणून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर खरंच बांधकाम केलंय, त्यांना खोट्याची गरज नाही.

नवी मुंबई महापालिकेचा समाज विकास विभागही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, त्यात दगडखाण, बांधकाम आणि नाका कामगारांच्या मुलांसाठी स्वतंत्र घटक आहे. रक्कम महाडीबीटीएवढी नसते, पण पुस्तकांना उपयोगी पडते. जाहिरात आली की मुदत थोडी असते, म्हणून रहिवासाचे पुरावे आधीच जमवून ठेवा.

एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मुलींसाठीची प्रगती योजना तुम्ही ऐकली असेल, वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांच्या आत. चांगली आहे. पण तिच्यासोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही, आणि तुमच्या बहिणीला माफ होणारं शिक्षण शुल्क त्याहून जास्त असण्याची शक्यता मोठी. म्हणून मी तिला माफीच घ्यायला सांगेन. शिक्षण शुल्क अगदी कमी असलेलं सरकारी कॉलेज मिळालं तर मात्र हिशोब उलटा होऊ शकतो, तेव्हा सीट मिळाल्यावर दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवा. इंजिनिअरिंग नाहीच मिळालं आणि बीएस्सीला गेली, तर केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती बघता येईल. बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीच्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२ हजार मिळतात. तो अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो.

शैक्षणिक कर्जाचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला. कॅपची सीट मिळाली तर तुम्हाला त्याची गरज पडू नये. पडलीच तर पतपेढी किंवा सावकाराआधी सरकारी बँकेत जा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण द्यावं लागू नये म्हणून सरकारी हमी योजना आहे, आणि साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिकण्याच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा: विद्यापीठाला पैसे देऊ नका, वैधतेचं काय ते गावाकडे विचारा, उत्पन्नाच्या दाखल्याचा आणि नॉन क्रीमीलेअरचा अर्ज टाका, बहिणीच्या आधारला कोणती बँक जोडलीय ते बघा आणि वडिलांचं बांधकाम मंडळाचं कार्ड शोधा. जातीचा दाखला कोणत्या जिल्ह्यातून काढलाय आणि वैधतेचा अर्ज झालाय का, एवढं मला कळवा. त्यावरून कॅपचा फॉर्म भरताना काय जपायचं ते मी नेमकं सांगू शकेन.